सिस्टर नोरीनच्या कंबरेसाठी

७ सप्टेंबर २०१३, शनिवार

देवाच्या दयेने आज माझं लग्न झालं. सेहेचाळिसाव्या वर्षी! ही वही नवी घेतली आहे. पुढची पानं घरखर्चाला आणि मागची मनातलं लिहायला; दोन वह्या कशाला हव्यात?

अकरा वाजता चर्चमध्ये विधी झाला आणि नंतर तळघरातल्या जेवणघरात सगळे जेवले. केक सिस्टर ग्लेनाने घरीच केला होता (आमच्या चर्चमध्ये सगळ्या बायका एकमेकींना सिस्टर म्हणतात). उरलेला केक मी चांदीच्या कागदात गुंडाळून बर्फाच्या कप्प्यात ठेवला. चर्चमध्ये पडलेले न वापरलेले कागदी रुमालही उचलून आणले. नवरा, वेंडल, हसला. म्हणाला, लग्नाच्या दिवशी तरी हात आवर की!

वडिलांची सेवा करण्यात चोवीस वर्षं गेली, त्याचा मला पस्तावा नाही. पण ते गेल्यावर भावाने घर विकलं आणि मी चुलतबहिणीच्या पडवीत झोपायला लागले, तेव्हा रोज प्रार्थना करायचे की प्रभू, एक चूल दे, माझी म्हणता येईल अशी. आज ती मिळाली. चारही शेगड्या पेटतात. खिडकीतून खोऱ्याच्या तोंडापर्यंतचा रस्ता दिसतो.

सासूबाई (व्हर्डी त्यांचं नाव, वय सत्याहत्तर) आमच्याबरोबरच राहतात. मी घरात आल्या आल्या मला म्हणाल्या, अगं, मीठ डावीकडच्या खणात आणि माझा मुलगा उजवीकडच्या खुर्चीत. दोन्ही जागच्या जागी असले की घर चालतं. मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं.

त्यांनीच मला पसंत केलं, हे मला आज कळलं. मे महिन्यातल्या चर्चच्या सहभोजनात कोणाचं भांडं कोणतं, ते मी कागदावर लिहून घेत होते, म्हणजे परत देताना घोळ नको. ते पाहून त्या वेंडलला म्हणाल्या होत्या, ही बघ, हिच्या हातून चमचासुद्धा हरवायचा नाही.

१० सप्टेंबर, मंगळवार

वेंडल पहाटे साडेपाचला निघतो. तालुक्याच्या शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करतो. अठरा वर्षांत एकही खाडा नाही. दारूला शिवत नाही, शिवी देत नाही. चर्चमध्ये तो डीकन आहे, पास्टरनंतर त्याचाच शब्द. गार हवेत उजव्या पायाने जरा लंगडतो. भिंतीवर त्याचा शाळेच्या फुटबॉल संघातला फोटो आहे, सोळा वर्षांचा, गालावर मुरुमं. त्याच वर्षी गुडघा गेला.

शेजारी ट्विलाचा फोटो आहे, पहिल्या बायकोचा. तिला जाऊन तीन वर्षं झाली. बारा वर्षं कंबरेच्या दुखण्याने झिजली बिचारी. मी फोटोवरची धूळ पुसली. मला तिचा हेवा वाटत नाही.

सकाळी कॉफीबरोबर सासूबाई त्याला बशीत गोळ्या काढून देतात. रक्तदाबाच्या, म्हणाल्या. मी म्हटलं, उद्यापासून मी देते. तर म्हणाल्या, घाई नको पोरी. आधी ह्या घरात हात बसू दे.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

वेंडलला फ्लू झालाय. अंगावर काटा, नाकडोळे गळतायत, जांभयांवर जांभया. पाय झाडतो तो थांबत नाही. तरी कामावर गेला. मी पिंटो घेवड्याचं सूप केलं, त्याने दोन चमचे घेतले आणि ताट लोटलं. रागाने नाही, पण लोटलं. लगेच माफी मागितली.

सासूबाई म्हणाल्या, चार दिवसांत उतरेल. एक तारखेला बरा होईल.

तारीख कशी सांगितली कोण जाणे. पण एक तारखेला खरंच बरा झाला. (हे नंतर लिहिलं.)

९ ऑक्टोबर, बुधवार

आज एक विचित्र गोष्ट झाली. लिहून काढते म्हणजे नीट कळेल.

बुधवारच्या प्रार्थनेत नेहमीप्रमाणे ग्लेना यादी घेऊन बसली. ज्याला जे सांगायचं ते तो उभा राहून सांगतो, कोणाचं हृदय, कोणाचा मुलगा तुरुंगात. ग्लेना लिहून घेते, रविवारच्या पत्रकात ती नावं छापतात आणि माणूस बरा होईपर्यंत किंवा मरेपर्यंत नाव निघत नाही. वेंडल उभा राहिला. आवाज भरून आला होता त्याचा. म्हणाला, भावांनो, बहिणींनो, माझ्या नोरीनच्या कंबरेसाठी प्रार्थना करा. ती सांगत नाही, सोसते. पण मला बघवत नाही.

माझी कंबर कधीच दुखलेली नाही.

मी त्याच्याकडे पाहिलं. वाटलं, चुकून ट्विलाचं दुखणं माझ्या नावावर बोलून गेला असेल. तोवर सगळ्यांनी मला मधल्या खुर्चीत बसवलं होतं. पास्टर हर्शेलनी कपाळाला तेल लावलं, वीस-बावीस हात पाठीवर, खांद्यावर, डोक्यावर. सगळे एकदम मोठमोठ्याने प्रार्थना करत होते आणि ग्लेना तर रडत होती. अशा वेळी उठून म्हणायचं काय? माझा नवरा खोटं बोलतोय म्हणायचं? भर चर्चमध्ये, डीकनला?

मी म्हटलं, आमेन. आभारी आहे.

गाडीत विचारलं. तो म्हणाला, तू सकाळी बादली उचलताना कंबरेवर हात ठेवलास, मी पाहिलं. असेल ठेवला. कोण नाही ठेवत?

१३ ऑक्टोबर, रविवार

पत्रकात छापून आलंय. सिस्टर नोरीन स्टिडम, कंबर. मी पत्रकाची घडी घालून बायबलमध्ये ठेवली.

चिकनचे दोन कॅसरोल आले, मक्याचा पाव आला, कंबर शेकायची गरम पिशवी आली. औषधांच्या दुकानाचा मालकही आमच्याच चर्चचा. तो दारातच म्हणाला, काय सिस्टर, आज जरा ताठ चालताय! मी नेहमीच ताठ चालते. एक बाई दुसरीला म्हणाली, चेहऱ्यावरून कळतं गं, हसते तरी सोसतेय.

खोटं बोलून घेतलेलं अन्न खाणं पाप, आणि टाकणंही पाप. खाल्लं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

वेंडल म्हणाला, एवढ्या लोकांनी प्रार्थना केली, तर एकदा दाखवून तरी ये. काही नसेल तर रविवारी उभी राहून सांग, देवाने बरी केली. मला ते पटलं. खोट्यातून निघायला सरळ वाट दिसली.

शेजारच्या तालुक्यात दवाखाना आहे. बाहेर पाटीसुद्धा धड नाही, आत चाळीस माणसं, निम्मी भिंतीला टेकून उभी. डॉक्टरने मला तीन प्रश्न विचारले आणि तिन्हींची उत्तरं वेंडलने दिली. कंबरेचा एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाला, हाडं झिजलीयत. मी म्हटलं, ह्या वयात सगळ्यांचीच झिजतात ना? तो हसला आणि गोळ्यांचा कागद लिहिला. वेंडलने सही करायला पेन पुढे केलं.

घरी आल्यावर मी म्हटलं, मला गोळ्या नकोत. वेंडल म्हणाला, बरं, कागद फाडून टाकतो. इतका गोड बोलला की मला स्वतःचीच लाज वाटली.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

पुन्हा फ्लू. तसाच. कॅलेंडर पाहिलं: सप्टेंबरात सव्वीसला सुरू, ह्या वेळी सत्तावीसला. असा कोणता फ्लू असतो, जो महिनाअखेरीला येतो?

५ नोव्हेंबर, मंगळवार

सफरचंदाच्या मुरंब्याच्या बरण्या ठेवायला तळघरात गेले. मागच्या फळीवर जुन्या बरण्या हलवल्या, तर त्यांच्या मागे औषधांच्या नारिंगी बाटल्या. रांगेने. भिंतीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. काहींत घेवड्याचं बी भरलेलं, काही रिकाम्या. दुखण्यावरच्या गोळ्यांच्या सगळ्या.

मी चिठ्ठ्या वाचत गेले. पहिली वेंडलची, ऑक्टोबर १९८४. सोळा वर्षांचा होता. त्याच्या अशा पाच. मग सासूबाईंच्या नावाच्या, वर्षानुवर्षं, दर एक तारखेच्या, अगदी गेल्या महिन्यापर्यंत. मग सासऱ्यांच्या; ते खाणीतल्या धुळीने फुप्फुसं निकामी होऊन गेले त्या वर्षीच्या सगळ्यांत जास्त. मग ट्विला. ट्विला, ट्विला, ट्विला, बारा वर्षं. मग काही माझ्या ओळखीची नावं, चर्चच्या मागच्या दफनभूमीत दगडांवर वाचलेली.

शेवटची बाटली नवी होती. नोरीन स्टिडम, १५ ऑक्टोबर. महिन्याच्या गोळ्या. रिकामी.

मागे सासूबाई उभ्या होत्या. ओरडल्या नाहीत. पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, बरं झालं, मला सांगायची पाळी आली नाही.

त्या जे बोलल्या ते जसंच्या तसं लिहिते. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पोरगा रात्रंदिवस तळमळायचा. डॉक्टरने दिलेल्या संपल्या, दुखणं संपलं नाही. माझ्या दातासाठी दिलेल्या होत्या, त्यातली एक दिली. कोणती आई बघत बसेल गं? नंतर गुडघा बरा झाला, पण तोवर गोळीशिवाय त्याला सकाळच होईना; गोळ्या संपल्या की तू पाहिलास तो फ्लू. तेव्हा मी ठरवलं, घ्यायच्याच आहेत तर माझ्या हातून घेईल. मोजून. एक जास्त नाही, एक कमी नाही. एकोणतीस वर्षं मोजतेय. ह्या खोऱ्यात त्याच्या वर्गातली अकरा पोरं मेली, मोजणारं कोणी नव्हतं म्हणून. माझा पंचेचाळीस वर्षांचा आहे, रोज कामावर जातो, डीकन आहे. मी चुकले म्हणतेस?

मी विचारलं, ट्विलाची कंबर?

म्हणाल्या, आधी काही नव्हतं तिलाही. नंतर होतं.

मग आपले हात पुढे केले. थरथरत होते. म्हणाल्या, माझी मोजदाद चुकायला लागलीय पोरी. म्हणून तर तुला आणली.

६ नोव्हेंबर, बुधवार

प्रार्थनेआधी पास्टर हर्शेलना गाठलं. सगळं सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, सिस्टर, वेदना माणसाला आपल्याच माणसांविरुद्ध उभं करते. ट्विलाही शेवटी शेवटी ह्याच खुर्चीत बसून हेच म्हणायची, मला काही झालेलं नाही म्हणून. शब्दन्‌शब्द हेच.

आज यादीत माझ्या नावापुढे कंबर होतीच. पुढे ग्लेनाने लिहिलं: आणि मन.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

चुलतबहिणीला फोन केला, येऊ का म्हणून. ती म्हणाली, अगं, आजारी माणसाने नवऱ्याचं घर सोडू नये. तुझ्यासाठी आमच्या चर्चमध्येही प्रार्थना चालू आहे.

तिथेही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

दवाखान्यातून फोन आला. उद्या सकाळी बाटली घेऊन या, उरलेल्या गोळ्या मोजायच्या आहेत आणि लघवी तपासायची आहे. कोणालाही अचानक बोलावतात म्हणे, गोळ्या विकत नाही ना हे बघायला. मंगळवारी माझ्या नावाची दुसरी बाटली आणली होती, मला न विचारता. सासूबाईंनी मोजून बघितल्या. दोन कमी होत्या, ते चालतं. पण माझ्या लघवीत औषध सापडलं नाही तर नाव काढून टाकतील. मग कुठलाच डॉक्टर देणार नाही.

मी म्हटलं, काढू देत.

वेंडल स्वयंपाकघरातच गुडघ्यांवर बसला. दुखऱ्या गुडघ्यावर. म्हणाला, नोरीन, मी सोडायचा प्रयत्न चार वेळा केला. चौथ्या वेळी ट्रकमध्ये मी निळा पडलेला आईला सापडलो, कारण गोळ्या मिळाल्या नाहीत की माणूस रस्त्यावरची पूड घेतो आणि तिच्यात काय असतं ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मी म्हटलं, उपचार घे, मी बरोबर येते. तो म्हणाला, घेईन, शपथ. पण उद्याची सकाळ जाऊ दे. एवढीच.

तो रडत होता. पाय झाडत होता. माझ्या अंगात फक्त एक गोळी जायची आणि त्याचा जीव वाचायचा. ख्रिस्ताने काय काय नाही घेतलं दुसऱ्यांसाठी?

मी घेतली.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

चाचणी पास झाले. दवाखान्याच्या खिडकीतली बाई म्हणाली, शाबास, तुमच्यासारखे प्रामाणिक पेशंट हवेत.

इथे खोटं लिहायचं नाही, म्हणून लिहिते. काल गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाने मी भांडी घासत होते. चोवीस वर्षं वडिलांना उचललं, ते सगळं कुठे कुठे साठलं होतं मला माहीत नव्हतं. ते सगळं उतरलं. जणू कोणीतरी मागून येऊन अंगावर गरम शाल घातली आणि म्हणालं, बस आता. मी प्रार्थनेत सुद्धा इतकी जवळ कधी—

हे खोडायला हवं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

वेंडलच्या उपचारांचं विचारलं. म्हणाला, सणानंतर.

दवाखाना पुन्हा कधीही बोलावेल. सासूबाई म्हणाल्या, रोज एक अर्धी घेत जा, म्हणजे अचानक बोलावलं तरी भीती नाही. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. अर्धीच.

२४ नोव्हेंबर, रविवार

बशी आता माझ्याकडे. त्याच्या मी मोजते, माझी मी मोजते.

एक. अर्धीच घेतली की दुपारी कंबर धरते. खरंच धरते, इथे, डाव्या बाजूला.

३० नोव्हेंबर, शनिवार

दोघांनाही फ्लू.

दोघांत एक बाटली पुरत नाही, हे मला आधीच कळायला हवं होतं, मला, मोजणारीला. नाक गळतंय. हाडांच्या आत मुंग्या. चादर नको, चादर हवी. वेंडलने माझ्याकडे बघितलं आणि मी त्याच्याकडे, आणि दोघांनी एकदम बशीकडे—

सासूबाईंनी सूप आणलं. मी लोटलं. माफी मागितली.

म्हणाल्या, सूनबाई, परवापर्यंत दम धर.

४ डिसेंबर, बुधवार

आज मीच उभी राहिले.

म्हणाले, माझ्या कंबरेसाठी.

खोटं नव्हतं. बावीस हात. ग्लेना रडली. मीही.

देवा, तुला तरी दिसतंय ना की हे खोटं नव्हतं?

८ डिसेंबर, रविवार

वेंडलला म्हटलं, आज चल, दोघं उपचाराला जाऊ. आजच. गाडी काढ. तो म्हणाला, काढतो. बूट घातले. दारात उभा राहिला, बराच वेळ. मग म्हणाला, उद्या बसगाड्यांची तपासणी आहे, खाडा कसा करू.

मी म्हणू शकले असते, मग मी एकटी जाते.

नाही म्हटलं.

१० डिसेंबर, मंगळवार

ग्लेनाच्या नवऱ्याला, ऑर्व्हिलला, इस्पितळातून घरी आणलं. कॅन्सर हाडांत पसरलाय. डॉक्टरांनी हात टेकले. आता फक्त वेदना होऊ नयेत एवढंच बघायचं. चर्चच्या बायका आळीपाळीने बसणार, म्हणजे ग्लेनाला दोन तास पाठ टेकता येईल. कोण कधी, ते कागदावर लिहायचं होतं. सगळ्या म्हणाल्या, नोरीनला द्या, तिच्या हातून घोळ व्हायचा नाही.

गुरुवार दुपार मी माझ्याकडे घेतली.

का गुरुवार. का घेतली. आमची बाटली बुधवारी संपते म्हणून नाही. सेवा म्हणून. सेवा म्हणून.

१२ डिसेंबर, गुरुवार, दुपार

वही बरोबर आणली. लिहीत राहिलं की हात गुंतलेला राहतो.

ऑर्व्हिल खिडकीजवळच्या खाटेवर आहे. किती लहान झालाय. उशाशी मोठी बाटली, किती वाजता किती द्यायच्या त्याची ग्लेनाने चिठ्ठी लावलीय. दोन वाजता दोन.

दोन वाजले.

ग्लेना आत झोपलीय. जाताना माझ्या गालाला हात लावून म्हणाली, तू स्वतः दुखणेकरी, तरी आलीस. देव बघतोय.

घाम. नाक. पाय थांबत नाही.

त्याला एक दिली तर. एकसुद्धा पुष्कळ असते, मला माहीत आहे किती असते. एक त्याला आणि एक—

नाही. दोन्ही त्याच्या. नोरीन, दोन्ही त्याच्या. तुझ्या हातून घोळ होत नाही.

प्रभू, ग्लेनाला उठव. आत्ता उठव. मी हाक मारते म्हटलं तर आवाज—

तो कण्हतोय. बोलता येत नाही त्याला, पण डोळे उघडे आहेत. माझ्याकडे नाही बघत. माझ्या हाताकडे बघतोय.

दोन वाजून बारा मिनिटं.

मी फक्त मोजून बघते. त्याच्या आधी मी नुसत्या मोजून—